दोन तोंडांची वायर

आमच्या काचीगुड्यात लाइट जात नसे, करंट जात असे. परभणीकडचे पाहुणे आले की हसायचे. म्हणायचे, करंट बसतो, जातो कुठला? पण आमच्या गल्लीत तेलुगू, उर्दू, मराठी सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द होता आणि तो शब्द दिवसातून चार वेळा लागायचा. उन्हाळ्यात सकाळी दोन तास आणि दुपारी दोन तास तर ठरलेलेच, वर मर्जीनुसार केव्हाही. करंट गेला की आधी आवाज मरायचे. शेजारच्या खालाची शिलाई मशीन थांबायची, पलीकडे इडलीचं पीठ वाटणारा ग्राइंडर घरघरत बंद पडायचा, आणि एवढा वेळ न ऐकू येणारी स्टेशनातली गाड्यांची घोषणा स्वच्छ कानावर यायची. मग मिनिटभरात गल्लीच्या तोंडाशी दिगंबररावांचं जनरेटर भडभडायला लागायचं. आज माझी पन्नाशी केव्हाच मागे पडली, इमारतीला सोसायटीचं मोठं जनरेटर आहे, तरी खाली ते सुरू झालं की माझ्या दाढा आपोआप आवळल्या जातात. सून पुण्याची, कंप्युटरवर काम करणारी. ती विचारते, आई, एवढ्या आवाजाचा कसला राग? तिला हे कधी सांगितलं नाही. कुणाला माफ करण्यासाठी मी हे लिहीत नाहीये, एवढं सुरुवातीलाच सांगून टाकते.

आमच्या दोन खोल्या गल्लीच्या अगदी शेवटी होत्या. पुढे पत्र्याचा ओटा, मागे हातभर अंगण, त्यात एक शेवग्याचं झाड. बाबा रेल्वेच्या शेडात इंजिनांचे फिटर होते. त्यांच्या अंगाला डिझेलचा असा वास होता की ते गल्लीत वळले की आम्हाला घरात कळायचं. माय त्यांचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची आणि धुताना रोज तेच म्हणायची, ‘‘इंजिनाशी लगीन लावलंय ह्यांनी, माझ्याशी काहून लावलं कुणास ठाऊक.’’ माय परभणीजवळच्या खेड्यातून आलेली, पण हैदराबादेनं तिचा हात बदलला होता. ज्वारीच्या भाकरीसोबत आंबाडीची भाजी ती आंध्रावाल्यांसारखी लाल मिरची ठेचून करी, आणि रविवारी खट्टी दाळ. सकाळी पोहे मिळाले नाहीत तर मुरमुरे भिजवून सुशीला. तिच्या फोडणीत मोहरी तडतडली की माझी धाकटी बहीण बेबी खोकायला लागायची. म्हणून आमच्या घरात फोडणी ओट्यावर, स्टोव्ह बाहेर नेऊन द्यायची पद्धत होती. बेबीला दमा होता. तेव्हा ती नऊ वर्षांची होती, मी सतराची. तिचा दमा आमच्या घरातला पाचवा माणूस होता, त्याच्या मर्जीनं आम्ही उठायचो आणि झोपायचो. बाबांनी शेडातल्या सगळ्यांकडे शब्द टाकून तिच्यासाठी वाफेची मशीन मिळवली होती. चपलांच्या डब्याएवढी, तोंडाला लावायची नळी असलेली. ती करंटवर चालायची. बाकी कशावर नाही.

आता दिगंबरराव. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुमजली घर, पण गल्ली वळसा घेत असल्यानं त्यांचं परस आमच्या अंगणाला लागून, गौलीगुड्यात मोटारपंपांचं दुकान, कपाळाला गंध, बोलणं लोण्यासारखं. तीन पिढ्यांपासून हैदराबादेत राहिलेली मराठी माणसं. आम्हीही मराठी म्हणून सुरुवातीला मायला बरं वाटलं होतं. त्यांनी जनरेटर आणलं तेव्हा गल्लीतल्या प्रत्येक घराला एकेक वायर दिली. एक ट्यूब आणि एक पंखा, पेट्रोलचा वाटा द्यायचा. खालाला दिली, ग्राइंडरवाल्यांना दिली, समोरच्या मास्तरांना दिली. बाबा विचारायला गेले तेव्हा मी सोबत होते. दिगंबरराव अगदी दुखऱ्या आवाजात म्हणाले, ‘‘अहो, तुम्हाला नाही कसं म्हणीन? पण तुमच्या खोलीपर्यंत वायर न्यायची तर आमच्या देवघरावरून जाते. तेवढं सोडून बोला.’’

आम्ही परत आलो. मी अंगणातून वर बघितलं. खालाची वायर त्यांच्या देवघरावरूनच गेली होती. मास्तरांचीही. मी बाबांना बोट करून दाखवलं. बाबा म्हणाले, ‘‘दिसतंय मला.’’ आणि हात धुवायला गेले. आमच्या भिंतीवर निळ्या कोटातला फोटो होता, पौर्णिमेला आमच्याकडे वंदना होत असे. वायर कशानं अडली हे कळायला आणखी काही लागत नव्हतं.

त्यानंतरच्या वैशाखातली ती दुपार. करंट जाऊन तासभर झाला होता आणि बेबीला धाप लागली. तिच्या छातीतून मांजराच्या पिल्लासारखा आवाज येत होता. गोळी दिली, पाठ चोळली, काही होईना. ओठ जांभळे पडायला लागले तशी बाबांनी एका हातात मशीन घेतली, दुसऱ्या हातानं बेबीला खांद्यावर टाकलं आणि गल्ली तुडवत दिगंबररावांच्या पायरीपर्यंत गेले. मी आणि माय मागे. आत कूलर चालू होता, टीव्हीवर क्रिकेटची मॅच चालू होती, माणसं ओरडत होती. दिगंबरराव दारात आले.

‘‘दहा मिनिटं प्लग द्या,’’ बाबा म्हणाले. ‘‘इथंच, दाराशी बसतो.’’

‘‘व्हरांड्यातला प्लग खराब आहे हो.’’

‘‘मग आतला द्या. मी आत येत नाही. वायर तुम्ही लावा, पोरगी बाहेर बसेल.’’

त्यांनी बेबीकडे पाहिलं. तिची मान बाबांच्या खांद्यावर पडली होती. ते अर्धं पाऊल मागे सरकले आणि हळू आवाजात म्हणाले, ‘‘इथं नको. इथं काही झालं तर?’’

दार लागलं नाही, ते तसंच उघडं राहिलं. कूलरची गार हवा आमच्या अंगावर येत होती. बाबा वळले आणि स्टेशनाच्या दिशेनं पळाले. ऑटो मिळाली, दवाखाना मिळाला, डॉक्टर जागेवर होता. बेबी वाचली. दोन दिवसांनी ती घरी येऊन आईस्क्रीम मागत होती. पण मी त्यांच्यामागे गेले नव्हते. मी त्या पायरीखाली उभी राहिले होते आणि दिगंबररावांकडे बघत होते. आत कुणाचा तरी चौकार गेला. तेव्हा मी मनात जे म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. एवढंच सांगते, की हा माणूस ह्याच गल्लीत, सगळ्यांसमोर, मान खाली घालून उभा राहिलेला मी बघणार, हे मी तिथं ठरवलं. पुढे कॉलेजात गेले, नोकरी केली, लेकरं झाली, पण त्या दुपारइतकं ठाम मी आयुष्यात काही ठरवलं नाही.

पुढच्या रविवारी ते मला घेऊन गौलीगुड्याच्या जुन्या सामानाच्या बाजारात गेले. भंगाराच्या ढिगांमधून तीन तास फिरलो. शेवटी एका दुकानाच्या मागच्या अंगाला ते सापडलं. लाल रंग उडालेलं, उचलायचा दांडा वाकलेला, पेट्रोलवर सुरू होऊन रॉकेलवर चालणारं छोटं जनरेटर. बाबांनी इंजिनाचा प्लग काढून वास घेतला, दोरी हलकेच ओढून कान लावला. म्हणाले, ‘‘जीव आहे.’’ इराण्याच्या हॉटेलात आम्ही चहात उस्मानिया बिस्किटं बुडवून खाल्ली, ते इंजिन आमच्या टेबलाखाली पाहुण्यासारखं बसलं होतं, आणि मला वाटलं, आता बघते.

पंधरा दिवस अंगणात त्याचे अवयव पसरलेले होते. बाबांनी शेडातून आल्यावर रोज तासभर त्याला दिला आणि मला शेजारी बसवलं. मला मुलगा असता तर त्याला शिकवलं असतं, असं त्यांनी कधी म्हटलं नाही. त्यांनी मलाच शिकवलं. आधी तेलाची काडी बघायची, मग टाकी. टाकी गरम इंजिनावर भरायची नाही, कितीही घाई असली तरी. सुरू करताना पेट्रोल, दोन मिनिटांनी कॉक फिरवून रॉकेल, आणि बंद करण्याआधी परत पेट्रोल, म्हणजे पुढच्या वेळी दोरी ओढताना खांदा उखडत नाही. प्लग पॉलिश पेपरनं घासायचा. गरज नसली तरी दर रविवारी दहा मिनिटं चालवायचं. ‘‘मशीन पडून राहिली की रुसते, वेळेला दगा देते,’’ बाबा म्हणायचे. रॉकेलचा डबा स्टोव्हपासून लांब, शेवग्याच्या सावलीत. आणि जनरेटर घरात कधीही आणायचं नाही, पाऊस असो की काही असो. त्याच्या धुरात असं विष असतं ज्याला वास नाही, झोपलेला माणूस झोपेतच जातो. बाबांनी अंगणाच्या टोकाला विटांचा चौथरा बांधला, वर पत्रा टाकला. करंट गेला की आधी घरातले सगळे खटके बंद, मग इंजिन, मग एकेक करून ओझं द्यायचं. पहिलं बेबीच्या मशीनला, मग दिव्याला, उरलं तर पंख्याला.

सर्वांत जास्त वेळ बाबांनी एका लोखंडी डब्याला दिला. त्याला ते चेंजओव्हर म्हणत. त्याच्या कडेला एक दांडा. वर केला की घर खांबाच्या तारेला जोडलेलं, खाली केला की जनरेटरला, आणि मधे असला की कुणालाच नाही. दोन्हीला एकदम जोडताच येत नाही. मी विचारलं, ‘‘एवढं कशाला? दिगंबरराव तर नुसती वायर प्लगात खोचतात.’’

बाबांनी हातातला पाना खाली ठेवला. ‘‘करंटला घरचा-दारचा कळत नाही. आपण घरात सोडला आणि मेन पाडायचा विसरलो, तर तो मीटरमधून उलटा खांबावर जातो. वर लाइनमन असला तर? त्यानं फ्यूज काढून ठेवलाय, त्याच्या हिशोबानं तार मेलेली आहे. लाइनमन खांबावर दिसला की आपला दांडा मधे. इंजिन बंद असलं तरी मधे. समजलं?’’

समजलं. फार चांगलं समजलं. तेच पुढे सांगायचं आहे.

पहिल्यांदा आमचं इंजिन धडधडलं त्या दिवशी मायनं त्याला हळदकुंकू लावलं नाही, पण गुळाचा खडा सगळ्यांच्या हातावर ठेवला. बेबी मुद्दाम नळी तोंडाला लावून बसली, काही होत नसताना. मी मात्र बाबा शेडात गेल्यावर चौथऱ्यावरचं जनरेटर फिरवून त्याच्या धुराचं तोंड दिगंबररावांच्या मागच्या भिंतीकडे केलं. त्यांच्या देवघराची खिडकी तिकडेच होती. दोन दिवस त्यांचे देव रॉकेलच्या धुरात बसले. तिसऱ्या दिवशी बाबांनी ते सरळ केलं. मग खालानं दिगंबररावांची सोडून आमच्याकडून वायर मागितली. ती म्हणाली, ‘‘उनों आजकल बहोत बातां सुनाते. तुमेच देओ.’’ बाबांनी दिली. हळूहळू मास्तरांनीही घेतली. दिगंबररावांच्या छतावरून वायरी उतरताना मी ओट्यावर बसून आंबाडी निवडत होते आणि एकेक पान असं खुडत होते, की माय म्हणाली, ‘‘पोरी, भाजी हाय ती, वैरी न्हाई.’’

पण एवढ्यानं माझं समाधान होणार नव्हतं. दिगंबरराव भेटले की तसेच लोण्यासारखे बोलायचे, बेबीच्या डोक्यावरून हात फिरवायचे. त्यांना त्या दुपारचं काही आठवतच नव्हतं. मला वाटतं, खरा राग मला त्याचाच होता.

आणि एके दिवशी मला ते सापडलं. त्या दिवशी सगळ्या भागाचा करंट गेलेला नव्हता, फक्त आमच्या गल्लीचा फ्यूज उडाला होता. दुपारची वेळ. बाबा कामावर, मी खोलीत एकटी. आमचा दांडा अजून वरच होता. दिगंबररावांकडे दोरी ओढल्याचा आवाज आला, इंजिन कण्हलं, आणि आमच्या खोलीतला बल्ब निखाऱ्यासारखा लाल झाला. क्षणभरच. मग त्यांनी शिवी घातल्याचं ऐकू आलं, खटका पडल्याचा आवाज आला आणि बल्ब विझला. मी बल्बकडे बघत राहिले. ते मेन पाडायचं विसरले होते. आठवड्याभरानं परत तसंच झालं. दुपारी त्यांच्या परसदारी वाकून बघितलं, तर तिथं ती वायर होती. दोन्ही टोकांना पिना असलेली. एक तोंड जनरेटरमध्ये, दुसरं घराच्या प्लगात. मोटारपंपांचं दुकान असलेल्या माणसाच्या घरी.

मी हे बाबांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर काय झालं असतं ते मला माहीत होतं. बाबा संध्याकाळी आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून त्यांच्याकडे गेले असते, पायरीखाली उभे राहून म्हणाले असते, साहेब, एक चेंजओव्हर बसवून घ्या, मी बसवून देतो. आणि बाबांनी फुकट बसवून दिलं असतं. दिगंबरराव सुरक्षित झाले असते. मला ते सुरक्षित नको होते. मला ते पकडलेले हवे होते, वीजखात्याच्या साहेबलोकांसमोर, गल्ली जमलेली असताना. मी ठरवलं, पुढच्या वेळी लाइनमन येईल, माणसं जमतील, तेव्हा सांगायचं.

आमच्या भागाचा लाइनमन यादगिरी. तिशीतला, काळा, हसरा, कमरेला दोरी आणि पक्कड. गल्लीत आला की मायकडे पाणी मागायचा आणि आमच्याच तांब्यानं, वरून न ओतता, तोंड लावून प्यायचा. माय त्याला ‘भाऊ’ म्हणायची.

पुढच्या वर्षी आंब्याच्या दिवसांत एका दुपारी वावटळ उठली. पाच मिनिटं नुसती धूळ, आणि मास्तरांच्या दारातल्या लिंबाची फांदी मोडून तारेवर पडली. करंट गेला. चारच्या सुमारास यादगिरी आला, डीपीवर जाऊन गल्लीचा फ्यूज काढला, शिडी लावून खांबावर चढला. बाबांची सुट्टी होती, त्यांनी दांडा मधे केला आणि खाली पडलेल्या फांद्या ओढायला लागले. सगळी गल्ली बाहेर आली होती. फक्त दिगंबररावांकडचं कुणी नव्हतं. त्यांच्या मुलीला पाहायला पाहुणे आले होते, दारात चपलांची रांग होती, साजूक तुपाचा वास येत होता.

मी खांबापासून दहा पावलांवर उभी होते. आणि त्यांच्या परसातून दोरी ओढल्याचा आवाज आला.

एकदा. इंजिन लागलं नाही.

मी तोंड उघडलं होतं. हे मी शपथेवर सांगते, मी तोंड उघडलं होतं. मग मनात आलं, आत्ता ओरडले तर ते दोरी सोडून देतील, मेन पाडतील, आणि बाहेर येऊन म्हणतील, पोरगी खोटं बोलते. लागू दे. चालू असताना धरायचे. यादगिरीला झिणझिण्या येतील, तो खाली उतरून आरडाओरडा करेल. मी खरंच एवढंच समजत होते, झिणझिण्या.

दुसऱ्यांदा ओढली. तिसऱ्यांदा इंजिन लागलं.

खालाच्या घरातला पंखा हळूहळू फिरायला लागला आणि ती आतून टाळी वाजवून ओरडली, ‘‘आया! करंट आया!’’ त्याच वेळी यादगिरी वर थरथरत होता. त्याचा डावा हात तारेला चिकटला होता. त्याच्या तोंडून आवाज येत नव्हता. मग कमरेची दोरी सुटली की काय झालं, तो खाली आला, बाबांनी जमवलेल्या फांद्यांच्या ढिगावर. तो ढीग नसता तर तिथंच संपला असता. बाबांनी त्याची छाती दाबली, तोंडावर पाणी मारलं, श्वास आला. हात कोळशासारखा झाला होता. बाबा आणि मास्तर त्याला ऑटोत घालून घेऊन गेले. दिगंबररावांचं जनरेटर चालूच होतं. आत पाहुण्यांना पंखे मिळाले होते. खालाच्या नवऱ्यानं फाटकावर दणके घातले तेव्हा कुठं ते थांबलं.

साहेबलोकांची जीप यायच्या आधी दिगंबरराव आमच्या ओट्याशी आले. पहिल्यांदाच. घामानं सदरा पाठीला चिकटलेला. माय आत बेबीला धरून बसली होती, बाहेर मी एकटी.

‘‘बाळ,’’ ते म्हणाले, ‘‘तुमचं इंजिन चालू होतं म्हण. तुमचं भंगारातलं, छोटं. तुम्ही साधी माणसं, तुम्हाला कोण काय करणार? वकील मी देतो. आत पाहुणे आहेत, पोरीच्या लग्नाचा प्रश्न आहे. उद्यापासून तुमच्याकडे वायर. देवघरावरून नेऊ, काही हरकत नाही.’’ आणि ते ओट्यावर बसायला लागले.

मी म्हणाले, ‘‘इथं नको. इथं काही झालं तर?’’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हा त्यांना आठवलं. मी त्यांचा चेहरा बघितला आणि त्यांना ती दुपार आठवली, हे मला स्पष्ट दिसलं. तो क्षण मी आजही कुणाला देणार नाही.

जीप आली, मागून पोलीस आले. दिगंबररावांनी सावरून सांगितलं, शेवटच्या घरात नवशिके लोक आहेत, जनरेटर भंगारातून आणलंय. मी साहेबाला म्हणाले, चला. आमच्या इंजिनावर त्याचा हात ठेवायला लावला. थंडगार. दांडा दाखवला, मधे. मग सगळी गल्ली मागे घेऊन त्यांच्या परसात गेले. त्यांचा सायलेन्सर अजून हात लावू देत नव्हता. वायर प्लगातच होती. मी ती उपसली आणि दोन्ही तोंडं वर धरून सगळ्यांना दाखवली. पाहुणे मागच्या दारात उभे होते. त्यांनी चपला शोधल्या. दिगंबरराव भिंतीला टेकून उभे होते, मान खाली. जसं ठरवलं होतं अगदी तसं. त्यांची मुलगी खिडकीत रडत होती. तिनं माझं कधी काही वाईट केलं नव्हतं. तिच्याकडे बघूनही मला वाईट वाटलं नाही, हे लिहायला हवं. दोन वर्षांत ते घर विकून गेले, आणि मी त्या दिवशी मायला शिरा करायला लावला.

बाबा दिवेलागणीला परतले. सदऱ्यावर यादगिरीचं रक्त होतं. मायनं सगळं सांगितलं, पोरीनं कसं नाव राखलं ते. बाबांनी हात धुतले, ताटावर बसले, भाकरी मोडली आणि विचारलं, ‘‘त्या वायरीचं तुला कसं कळलं?’’

मी उत्साहानं बल्बचं सांगितलं. निखाऱ्यासारखा कसा झाला, आणि मी कसं ओळखलं, तुम्ही शिकवल्याप्रमाणे.

‘‘कधी?’’

‘‘तीन आठवडे झाले.’’

बाबांचा घास हातातच राहिला. ते माझ्याकडे बघत होते, ओळख पटत नसल्यासारखे. ‘‘आणि तू खांबाखाली उभी होतीस,’’ ते म्हणाले. प्रश्न नव्हता तो. ते ताटावरून उठले. मायनं किती हाका मारल्या. त्या दिवसानंतर त्यांनी मला जनरेटरची दोरी कधी हातात दिली नाही. तेल बघायचं काम बेबीकडे गेलं. मला ते कधी रागावले नाहीत, माझं शिक्षण केलं, लग्न केलं, पण इंजिनाजवळ मी गेले की काम थांबवून हात पुसत बसायचे, मी जाईपर्यंत.

यादगिरीची डाव्या हाताची तीन बोटं गेली आणि मनगट वळेनासं झालं. खात्यानं त्याला खांबावरून काढून तक्रारीच्या फोनवर बसवलं. चौकशीत काही जण म्हणत होते की तो पिऊन चढला होता. मी साक्ष दिली, म्हणून त्याची नोकरी राहिली. दसऱ्याला तो आमच्याकडे मिठाईचा डबा घेऊन आला. बाबांसमोर, मायसमोर म्हणाला, ‘‘ये बच्ची सच बोली, नै तो मेरेकूच गलत करते थे.’’ डबा त्यानं त्याच हातानं पुढे केला. दोन बोटांत धरलेला. मी घेतला. पुढच्या दसऱ्याला परत. माझं लग्न होऊन मी दिलसुखनगरला आले, तो पत्ता विचारत तिथं आला. बाबा गेले, माय गेली, तो येत राहिला. दर वेळी मी ठरवायची, आज सांगून टाकू. दर वेळी कुणीतरी समोर असायचं, नवरा, मुलं, सासू. त्या सगळ्यांना तो सांगायचा, हिनं माझी नोकरी वाचवली. सगळे कौतुकानं माझ्याकडे बघायचे.

चार वर्षांपूर्वी मीच त्याच्या घरी गेले. तो आता म्हातारा झालाय, बायको वारली, मुलगी बंगळूरला. दुपारची वेळ, तो दारात खुर्ची टाकून वाटाणे सोलत होता, उजव्या हातानं, डाव्यानं नुसतं धरून. मी उभ्या उभ्याच सांगितलं. बल्बचं, वायरीचं, दोरी तीनदा ओढल्याचं.

त्यानं सोललेली शेंग टोपलीत टाकली. ‘‘मालूम है, अम्मा.’’

‘‘काय?’’

‘‘तुमारे बाप दूसरेच दिन दवाखाने में आके बोल्को गए. मेरे पाँव पकड़े. सब बोले.’’

मी बाजूच्या स्टुलावर बसले. एवढी वर्षं! मी विचारलं, ‘‘मग मिठाई कशाला आणत होतात?’’

तो शांतपणे म्हणाला, ‘‘तुमकू याद रहना बोल्को.’’ मला लक्षात राहावं म्हणून. मग शेजारची दुसरी टोपली त्यानं पायानं माझ्याकडे सरकवली. आम्ही दोघांनी सगळे वाटाणे सोलले.

मला वाटलं होतं आता तो येणार नाही. गेल्या दसऱ्याला लिफ्ट बंद होती. तो तीन मजले चढून आला, दम लागलेला. सून दारात गेली आणि आनंदानं ओरडली, आई, तुमचे ते अंकल आले. त्यानं डबा पुढे केला. मी दोन्ही हात पुढे करून घेतला.